चाकाचा आरा

बैलगाडीचं चाक दिसलं, मधला तुंबा आणि त्यातून निघालेले आरे दिसले, की मला एक इंग्रजी क्रियापद आठवतं: रेडिएट. लॅटिनमध्ये ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा, आणि सूर्याच्या किरणालाही तोच शब्द. सूर्यात ज्याने तुंबा पाहिला, त्याच्या नजरेचं मला फार अप्रूप वाटतं. भूमितीतली त्रिज्या, कोपरापासून अंगठ्याच्या अंगाने मनगटाकडे उतरणारं हाड, रेडिओ, १८९८ साली मेरी आणि पिअर क्युरींना सापडलेलं रेडियम, सगळी या आऱ्याचीच लेकरं. आपल्याकडे गाड्यांवर चिकटवतात त्या चमकत्या पट्टीलाही आपण रेडियमच म्हणतो; तिच्यात रेडियमचा कणही नसतो.

शब्दकोशात ‘रेडिएट’पुढे नुसतं ‘पसरणे’ लिहिलेलं पाहिलं की मी हळहळतो. तेल पसरतं, अफवा पसरते. पसरण्याला मध्य लागतोच असं नाही, रेडिएटला लागतो. पॅरिसच्या विजयकमानीपासून बारा रस्ते फुटतात. त्या चौकाचं जुनं नावच मुळी ‘तारा’. वाटा फुटतात म्हणताना त्या कुठून फुटल्या, हे आपल्या मराठीलाही माहीत असतं.

उष्णतेच्या बाबतीत तर मराठी फारच श्रीमंत. शाळेच्या पुस्तकात वहन, अभिसरण, प्रारण असे तीन शब्द पाठ केले, पण ते तिन्ही घरात आधीपासून नांदत होते. तव्याला बोट लागलं की बसतो तो चटका. वैशाखातला वारा तोंडावर आणतो ती झळ. आणि चुलीपासून दोन हात लांब बसलं तरी गालाला जाणवते ती धग. धगीला स्पर्श लागत नाही, वारा लागत नाही. सूर्याची धग सुमारे पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून आठ मिनिटांत अंगणातल्या वाळवणावर येते. या रेडिएट होण्याला ‘प्रारण’ म्हणणं परीक्षेपुरतं ठीक. मला धग हवी.

दुखण्याचंही तसंच. छातीतली वेदना ‘रेडिएट’ होते, असं डॉक्टर कागदावर लिहितात. माणूस सांगतो, “छातीतून कळ निघते नि डाव्या हातात उतरते.” निघते, उतरते: उगम आणि वाट दोन्ही त्यात आले. भाषांतर करणाऱ्यांनी हे बोलणं कान देऊन ऐकावं.

आणि अशी कळ घरात कुणाला उठलीच, हाताकडे किंवा जबड्याकडे उतरू लागली, तर नुसतं ऐकत थांबू नका. लगेच १०८ला फोन करा.