खाली काय अंथरायचे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती आणि मी वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब घेऊन बसलो होतो. आठवीत शिकणारा धाकटा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "बाबा, डब्यात एखादा जीव ठेवाचा असन, तं खाली काय अंथराव लागते जी?"

त्याच्या मित्राकडे पांढरे उंदीर आहेत, हे मला ठाऊक होते. वहीतून मान वर न काढता मी म्हणालो, "लाकडाचा भुसा टाक." त्या रात्री माझे अठरा रुपये जुळत नव्हते. अठरा रुपयांपायी मी मुलाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

चौथ्या दिवशी बायको पलंगाखाली झाडत होती. आईची जुनी पत्र्याची पेटी तिने बाहेर ओढली. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली. उघडली तर आत भुसा, वाटीत नासलेले दूध आणि कोपऱ्यात हातभर लांबीचा तपकिरी साप! अंगावर पांढरे पट्टे. तिच्या ओरडण्याने शेजारचे दोघे काठ्या घेऊन धावले. मी फावडे उचलले.

फावडे उचलायला कारण होते. मी सात वर्षांचा असेन. गावी आत्या आम्हा पोरांसोबत जमिनीवर वाकळ अंथरून झोपली होती. पहाटे पोट दुखते म्हणाली. मग तिच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. घरच्यांनी तिला मांत्रिकाकडे नेले. दुपारी ती गेली. मण्यार चावली असे मागाहून मोठी माणसे म्हणाली, पण अंगावर खूण कोणालाच दिसली नव्हती. तेव्हापासून पट्ट्यांचा साप पाहिला की मला आत्याच दिसते.

मुलगा पेटीपुढे आडवा झाला. "मारू नका न जी त्याले! नाल्यावर पोट्टे गोटे मारून राह्यले होते, म्हनून आनला मी." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माझा हात खाली आला.

आमच्याच वस्तीतला एक तरुण दिवसा वेल्डिंगचे काम करतो आणि हाक आली की साप धरायला जातो. त्याला बोलावले. त्याने नीट पाहून सांगितले, "काका, हा कवड्या होय. विष नाही त्याले. घरातल्या पालींमागं येते." कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे पुढे पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होतात, असे तो म्हणाला. आणि लगेच बजावले, "पन हे पाहून वळखाचं काम तुमचं नाही. एक डाव चुकलं तं जीव जाते."

मग त्याने साप हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. नाकपुड्या भुशाने भरलेल्या, ओठांच्या कडेला भुसा चिकटलेला. कात तुकड्या-तुकड्यांनी निघून शेपटीवर अडकलेली. "भुसा कोनं टाकाले सांगतला?" त्याने विचारले. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला, बोलला नाही. मीच म्हणालो, "मी."

त्या दिवशी बी. कॉम.च्या पुस्तकांत नसलेला धडा मी पेटीसमोर बसून शिकलो. साप जीभ बाहेर काढून वास घेतो, त्यामुळे बारीक धूळ थेट तोंडात जाते. देवदारासारख्या सुवासिक लाकडाचा भुसा तर त्याला घातकच. वाळूही चालत नाही; भक्ष्याबरोबर पोटात जाऊन अडकते. मांडूळ भुसभुशीत मातीत राहतो, म्हणून सगळ्यांना माती मानवते असे नाही. गोधडीच्या तुकड्याचे दोरे दातांत गुंततात. अंथरूण सतत ओले राहिले तर पोटाखालचे खवले सडतात. फार कोरडे झाले तर कात अखंड निघत नाही. आजारी सापाला रात्रभर ठेवायचेच झाले, तर सगळ्यात बरी आपली रद्दी! ओल शोषते, रोज बदलता येते, घाण आणि गोचीड लगेच दिसतात. लपायला आडोसा हवा, उथळ भांड्यात पाणी हवे. दूध नको; साप दूध पिणारा प्राणी नाही.

"पन काका," तो म्हणाला, "त्याचं खरं अंथरून म्हंजे पालापाचोळा, गोट्याची कपार. ते पेटीत कसं आनान?" १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप घरी पाळता येत नाहीत, हेही त्याने मुलाला समजावले. साप कापडी पिशवीत घालून तो सेमिनरी हिल्सवरच्या वनखात्याच्या उपचार केंद्रात घेऊन गेला.

जाताना त्याने तामिळनाडूच्या इरुळा आदिवासींची गोष्ट सांगितली. १९७८ साली त्यांनी सापाचे विष काढण्याची सहकारी संस्था उभी केली. पकडलेले साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला फडके बांधून ठेवतात, काही आठवड्यांत विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस होते. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अडाणी म्हटले, त्यांच्या हाताने हजारोंचे प्राण वाचतात.

त्या रात्री मला झोप लागेना. सापाच्या अंथरुणाची इतकी चर्चा झाली. आमच्या अंथरुणाचे काय? मी पलंगावर आणि बायको-मुले खाली सतरंजीवर. मण्यार रात्री फिरते. ती जमिनीवर झोपलेल्याला चावते, पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. २००० ते २०१९ या वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, आपल्यासारखीच.

म्हणून मायबहिणींनो, पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी खोचा. घरात उंदीर होऊ देऊ नका. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी घ्या. पहाटे कोणाचे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका. चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका. अवयव हलू न देता मेडिकल, मेयो किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाच्या दारात गेलेला एक तास माझ्या आत्याला परत मिळाला नाही.

पुढच्या पगारावर मी आणखी एक खाट आणि दोन मच्छरदाण्या घेतल्या. कवड्याची अडकलेली कात भिजवून काढली आणि आठवड्याने त्याला नोंद करून रानात सोडले. मुलगा सोबत गेला होता. परत येऊन एवढेच म्हणाला, "बाबा, पाल्यात घुसला अन् दिसेनाच."

अठरा रुपयेही सापडले. ५३ च्या जागी मी ३५ लिहिले होते. आता मुलाने काही विचारले की आधी वही मिटतो.