प्रीपोन

ऑफिसात कुणी ‘मीटिंग प्रीपोन झाली’ म्हणालं की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं मला. मेल बाहेर पडण्याआधी माझ्या नजरेखालून जायचे आणि तो शब्द मी न चुकता खोडायचे. ‘ब्रॉट फॉरवर्ड म्हणा,’ हे सांगायचेही सगळ्यांदेखत. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मी मराठी माध्यमातली. रेन अँड मार्टिनचं व्याकरण घोकून इंग्रजी कमावलेलं. दुसऱ्याच्या चुका काढत राहिलं की आपली शाळा कुणी विचारत नाही, हा त्यामागचा खरा हिशेब.

मग एकदा अकराची मीटिंग नऊला घ्यायची ठरली. मसुद्यातलं ‘प्रीपोन्ड’ काढून मी ‘ब्रॉट फॉरवर्ड बाय टू अवर्स’ केलं. कारखान्यातले एक जुने सुपरवायझर दुपारी एकला हजर झाले. मीटिंग केव्हाच आटोपली होती. साहेबांनी त्यांना फैलावर घेतलं, आणि मी शेजारी कागद चाळत राहिले. नंतर ते मला म्हणाले, ‘मॅडम, पुढे ढकलली असंच लिहिलं होतं की.’

व्याकरण सांगायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. मराठीत मीटिंग पुढे गेली म्हणजे उशिरा होणार. इंग्रजीतलं ‘फॉरवर्ड’ इथं तिला अलीकडे ओढतं. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली तर सोमवारी की शुक्रवारी, यावर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत होत नाही. सुपरवायझरनी आपल्या भाषेच्या दिशेने वाचलं होतं, इतकंच. जो शब्द त्यांना निःसंशय कळला असता, तो मीच काढून टाकला होता. शुद्ध लिहिल्याच्या समाधानात.

त्या रात्री शब्दकोश उघडला. ऑक्सफर्डमध्ये ‘प्रीपोन’ होता, भारतीय इंग्रजी म्हणून. पुढे कळलं की ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून कुणी हा शब्द सुचवलाही होता. वाचून हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच चीड आली. सुपरवायझरचं म्हणणं मला पुरलं नव्हतं. न्यूयॉर्कचा शिक्का लागला.

आता ‘प्रीपोन’ खोडत नाही. ‘डिस्कस अबाउट’ मात्र खोडते, आणि ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून कपाळाला आठी पडतेच. लंडनच्या ग्राहकाला अजूनही ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिते; फक्त सोबत तारीख आणि दोन्हीकडची घड्याळी वेळ घालते.