मासे, नग 25

मृगाच्या पहिल्या सरींनी खाचरे भरली, की थोरली मंडळी चढणीच्या माशांमागे धावत असता आम्ही मुले बांधाशी उकिडवी बसून, ओंजळीत येतील ते काळसर, वळवळणारे जीव लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरीत असू आणि मासे पाळल्याचा डौल मिरवीत असू. पुढे त्या माशांना मागचे पाय फुटत, मग पुढचे. आणि बरणीची अब्रू जाई. शिरस्तेदारीतून निवृत्त झालेले आजोबा एकदा म्हणाले, "बाळ, आधी जबानी घ्यावी, मग निकाल द्यावा. पाण्यात जागच्या जागी ठरेल तो मासा. शेपूट थांबताच तळ गाठील तो भैकेर."

हा निवाडा मी चाळीस वर्षे शिरसावंद्य मानला. गालामागचे दोन पर पंख्यासारखे हलवीत धारेत स्थिर राहणारी दांडवण त्याला बळकटी देई. मुरी तेवढी वाळूवर पोट टेकून बसे, पण तिच्या मिशाच तिची साक्ष देत.

पुढे हिवताप-निर्मूलनाच्या एका कचेरीतून विहिरीसाठी गप्पी मासे आणण्याचा योग आला. उघड्या हौदातून जाळीने उपसलेल्या पिलांची "मासे, नग 25" अशी नोंद करून कारकुनाने माझी सही घेतली. घरी काचेच्या भांड्यात ओतले, तो पंचवीसही अधांतरी उभे! मात्र त्यांतील सहा जण अंगाने जणू काचेचेच होते. शेपटीचे दोऱ्यासारखे टोक अखंड थरथरत होते. भिंग लावले, तेव्हा गालाशी पर नव्हतेच, आणि शेपटीभोवतीचा पडदा तर काट्यांवाचूनचा, नुसता पातळ होता. अंगठ्याच्या पेराएवढ्या, अरुंद तोंडाच्या बेडकाचे ते भैकेर. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खाण्यासाठी ते असे मध्येच तरंगतात, हे मला मागाहून वाचनात आढळले. आजोबांचा निकाल अपिलात फिरला, याचे मला आजही थोडे वाईट वाटते.

कचेरीत जाऊन मी हकीकत सांगितली. कारकुनाने दप्तर उघडून ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हटले, "साहेब, इथं पंचवीस मासे आहेत. आता एकोणीस कसे होतील?"

ते सहा जण घंगाळात वाढले, आणि आषाढातल्या एका रात्री शेपटीचा शेवटचा खुंट घेऊनच काठावरून उडी मारून गेले. पावती अद्याप माझ्या पेटीत आहे; तीवर, "बरोबर मिळाले" या शब्दांखाली, माझी सही आहे.