कबुलीजबाब आणि कचेरी

अमेरिकेतील चिनी वंशाचे लेखक फ्रँक चिन यांनी असे प्रतिपादन केले आहे की आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मुळातच ख्रिस्ती आहे. आपले पाप कबूल करावे, पूर्वजांचा धिक्कार करावा आणि उद्धाराचे श्रेय परक्या धर्माला द्यावे, अशी त्याची घडण असल्यामुळे जो चिनी-अमेरिकन लेखक तो प्रकार हाताळतो, तो गोऱ्या वाचकाच्या मनात आधीपासून वसलेल्या तिरस्काराला घरचा साक्षीदार पुरवतो. हा रोख मुख्यतः मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन वॉरियर’ या पुस्तकावर होता. तौलनिक साहित्याचे अध्यापन करताना हा वाद मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो, आणि हा सिद्धांत पारखून घ्यावयाचा तर सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा आमचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, जिल्हा अधिक सोयीचा आहे असे माझे मत होत गेले. कारण मिशन, धर्मांतर आणि जातीची अप्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी येथे एकत्र नांदल्या आहेत आणि मराठीतील दोन अव्वल आत्मकथनांचा संबंधही याच जिल्ह्याशी आहे.

चिन यांचा संताप निष्कारण नव्हता. सोन्याच्या खाणी आणि आगगाडीचे रूळ यांसाठी ज्या चिनी मजुरांना अमेरिकेने राबवून घेतले, त्यांनाच १८८२ च्या कायद्याने तिने दरवाजा बंद केला, आणि १९४३ साली तो किलकिला केला तोही वर्षाला १०५ माणसांपुरता. या काळात इंग्रजी कथावाङ्मयाने दोन चिनी पुतळे घडविले: सॅक्स रोमरचा क्रूर, कपटी फू मांचू आणि १९२५ साली अर्ल डेर बिगर्सने निर्माण केलेला, गोऱ्यांची अदब राखणारा, सुभाषिते बोलणारा गुप्तहेर चार्ली चॅन. चिन यांचे म्हणणे असे की फू मांचूचा द्वेष एक वेळ परवडला, चार्ली चॅनवरचे प्रेम परवडत नाही. द्वेष निदान माणसाला सावध ठेवतो, कौतुक मात्र त्याला आपल्या जागी बसवून ठेवते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. चावडीवर रात्र जागवणारा इमानी येसकर, सरकारी खजिन्याला प्राणापलीकडे जपणारा महार, ही आमच्या कथा-कादंबऱ्यांतील लाडकी माणसे होत. आणि दामाजीपंताच्या आख्यानात तर प्रत्यक्ष पांडुरंग विठू महार होऊन बादशहाकडे जातो, परंतु ज्या जातीचे रूप देवाने घेतले तिला देवळाची पायरी का ओलांडता येऊ नये, हा प्रश्न कीर्तनाच्या रंगात कोणाला सुचत नाही. ख्रिस्ती माणसाची तऱ्हा तशीच. रंगभूमीवर आणि बोलपटात तो फ्रॉकवाली मुलगी किंवा झिंगलेला, धेडगुजरी मराठी बोलणारा अँथनी असतो, नाहीतर ती मायाळू परिचारिका असते. नगरकडील ख्रिस्ती माणूस यांपैकी कोणीच नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे घातले, १८४२ साली येथून ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, सिंथिया फॅरर बाईंच्या येथील मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले. पण या इतिहासाचे फलित म्हणून जो समाज उभा राहिला तो ऊस तोडणारा, भाकरी खाणारा, गावातल्या इतर घरांचीच आडनावे लावणारा आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला, ज्या भक्तीने पंढरीला जावे त्याच भक्तीने, लोटणारा अस्सल मराठी समाज आहे.

आता चिन यांचा सिद्धांत. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी यांना तो तंतोतंत लागू पडतो. त्यांच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’त हिंदू विधवांच्या यातना जितक्या खऱ्या आहेत तितकाच शेवटी सुटकेचा मार्ग ठरीव आहे, आणि ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्रही त्याच वाटेने उजाडते. परंतु लक्ष्मीबाई टिळकांपाशी येऊन हा सिद्धांत लंगडा पडतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मागे राहिलेल्या पत्नीने ते दुःख भोगून, पुढे नगरास पतीपाशी येऊन, सोवळेओवळे सांभाळीत संसार करून, मग स्वतःच्या विचाराने त्या सोवळ्याओवळ्याचा त्याग केला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने बाहेर पडली, पण त्यांत कबुलीजबाब शोधू जाल तर हाती विनोद लागतो. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांची अव्यवहारी उदारता, स्वतःचे अज्ञान आणि मिशनच्या मंडळींचा थाट या सर्वांना त्यांनी एकाच तराजूत घातले आहे. पूर्वजांचा धिक्कार नाही, नव्या धर्माची भाटगिरीही नाही. खुद्द टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही ख्रिस्ताला परदेशी पोशाखातून सोडवावा म्हणूनच.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, आणि ख्रिस्ती नव्हेत. तरीही चिन ज्याला कबुली म्हणतात ती या पुस्तकात ‘स्मृतिचित्रां’पेक्षा कितीतरी अधिक आहे. दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतो आणि ऐकणारा असतो पांढरपेशा झालेला दया पवार, म्हणजे तोच इसम. दलित समाजातील काही मंडळींना हे रुचले नाही. मुंबईतल्या कावाखाना वस्तीतले दारिद्र्य, भांडणे, बायांची दुर्दशा सवर्ण वाचकापुढे उघडी कशाला करावी, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो चिन यांच्या आक्षेपाचा सख्खा भाऊ शोभतो. मी या आक्षेपाला हसत नाही. ज्यांच्याविषयी पिढ्यान्पिढ्या इतरांनीच लिहिले, त्यांनी आपली अब्रू जपावी हे स्वाभाविक आहे. मात्र चिन यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. किंग्स्टनबाईंच्या जागी ते क्वान कुंग या योद्धा-देवतेला मानणारा वीर पुरुष उभा करू पाहतात, आणि तोही अखेर साचाच, फक्त हातात तलवार असलेला.

माझ्या मते चिन यांची खरी चूक निराळी आहे. कबुलीचे मूळ त्यांनी चर्चमध्ये शोधले. ते कचेरीत होते. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदीचे दफ्तर जळाल्यावर अनेक चिनी तरुण कागदोपत्री दुसऱ्याचे पुत्र बनून आले; एंजल बेटावर प्रवेशापूर्वी होणाऱ्या जाबजबाबांसाठी त्यांनी परक्या गावाच्या विहिरी आणि घरांच्या पायऱ्या पाठ केल्या, आणि तेच खोटे आडनाव नातवंडांपर्यंत चालत राहिले. १९५६ साली सरकारने या लोकांसाठी एक मोहीमच काढली, तिचे नाव कबुली मोहीम. किंग्स्टन यांचे पुस्तक कोणाला सांगू नकोस अशा आईच्या ताकिदीने सुरू होते, तेव्हा त्या ताकिदीत लज्जेइतकीच हद्दपारीची धास्तीही ऐकू यावी. आमच्याकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या राखल्या. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. परिणाम असा की नगर-श्रीरामपूरकडच्या कैक कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या रजिस्टरात दुसरा.

लक्ष्मीबाई आपल्या जातीवर मोकळेपणाने हसू शकल्या, यात त्यांच्या प्रतिभेचा वाटा मोठा आहेच. पण त्या कोण आहेत याचा दाखला कोणत्याही मामलेदाराने त्यांच्याकडे मागितलेला नव्हता, हेही खरे. दगडूला तो पावलोपावली द्यावा लागला. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ची प्रसन्नता ‘बलुतं’मध्ये नाही अशी तक्रार जे टीकाकार करतात, त्यांनी दोन लेखकांच्या स्वभावांची तुलना करण्यापूर्वी दोघांना कोणत्या टेबलापुढे उभे राहावे लागले ते पाहावे.