डीयूआयच्या वर्गात

माझ्या वर्गात हौसेने कोणी येत नाही. कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं की कोर्ट दंड आणि प्रोबेशनबरोबर एक वर्गही गळ्यात घालतं, आणि त्याची फी ज्याची त्याने भरायची असते. असे वर्ग चालवणाऱ्या, राज्याचा परवाना असलेल्या एका संस्थेत मी कौन्सेलर आहे. सॅन होजेच्या आसपासचा भाग. पुण्याहून निघालेली निम्मी मुलं इथेच येऊन टेकतात, नवऱ्यामागोमाग मीही तशीच टेकले.

या गुन्ह्याला इथे सगळे डीयूआय म्हणतात. पहिल्यांदा सापडलेल्याला साधारणपणे तीन महिन्यांचा, ३० तासांचा वर्ग. रक्तातलं अल्कोहोल ०.२० टक्के किंवा त्याच्या वर गेलेलं असेल तर नऊ महिने, ६० तास. दुसऱ्यांदा सापडला तर दीड वर्ष. त्यात ५२ तास गटात बसून बोलायचं, १२ तास शिकवणी, आणि पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला कौन्सेलरसमोर एकट्याने बसायचं. दांड्या फार झाल्या तर नाव कापलं जातं. पिऊन आला तर वर्गात घेत नाही. सगळं पुरं झालं की आम्ही मोटार खात्याला दाखला पाठवतो. त्याशिवाय लायसन पूर्ववत होत नाही.

गटात सगळ्या थरांतले लोक असतात. बांधकामावरचा सुतार, रात्रपाळीची नर्स, निवृत्त शिक्षक आणि हटकून एखादा आपला सॉफ्टवेअरवाला. आपला माणूस ओळखायला नाव वाचावं लागत नाही. तो वेळेच्या आधी येतो, भिंतीकडची खुर्ची पकडतो आणि ओळख करून द्यायची पाळी आली की सुरुवातच अशी करतो, की मी इथल्या बाकीच्यांसारखा नाही. मी मराठी आहे हे कळलं की चेहरा आणखी पडतो. ओळखीची ओळख निघेल, मंडळात बातमी जाईल, ही भीती. वर्गातली गोष्ट बाहेर न्यायला मला कायद्याने बंदी आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागतं. इथेही मी लिहिते आहे ते कुणा एकाबद्दल नाही, बऱ्याच जणांचं मिळून आहे.

‘मी दारुडा नाही’ हे मात्र त्याचं बहुतेक वेळा खरंच असतं. मला या कामात आल्यावर पहिल्यांदा हेच उमगायला वेळ लागला. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात दारू आणि समुपदेशन म्हटलं की मुक्तांगण येतं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, दारूने घरदार गिळलेल्या माणसाला पुन्हा उभं करणारं. आमच्याकडे येणाऱ्यांतही तसे काही निघतात, त्यांना आम्ही उपचारांकडे पाठवतो. पण बाकीच्यांचं घरदार शाबूत असतं. ते दिवाळीच्या पार्टीला गेलेले असतात, ‘बसलेले’ असतात, आणि घर तीन मैलांवर असतं. घर जवळच होतं, हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. अशा माणसाला दारू सोड म्हणून उपयोग नसतो आणि आमचा वर्ग तसं म्हणतही नाही. पिणं आणि चालवणं यांची फारकत करायची, एवढंच काम.

सुरुवातीचे आठवडे तो वर्गात असून नसतो, कारण डोक्यात व्हिसा असतो. २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करतं, गुन्हा शाबीत व्हायची वाट पाहत नाही. माणूस इथे राहू शकतो, पण एकदा देशाबाहेर पडला की नवा व्हिसा काढायचा आणि त्याआधी दूतावासाच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. म्हणजे भावाच्या लग्नाला जायचं की नाही, आईचं ऑपरेशन असेल तर काय, हे प्रश्न. सांगलीला, नाशिकला कुणालाच काही सांगितलेलं नसतं. कित्येकांच्या बायकोलाही निम्मंच माहीत असतं. एकाच्या गाडीत इंटरलॉक बसवलेलं होतं. त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि चालू असतानाही ते मधूनच पुन्हा फुंकायला लावतं. सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना त्याने बेधडक सांगितलं, की इथे आता प्रत्येक गाडीत प्रदूषण तपासायचं यंत्र असतं. सासूबाईंनी म्हणे अमेरिकेच्या शिस्तीचं फार कौतुक केलं. वर्ग खो खो हसला, तोही हसला, आणि त्या दिवसापासून तो बोलू लागला.

शिकवणीच्या तासात मी एक जग भरून पाणी नेते. त्यात थोडा कोरा चहा घातला की व्हिस्कीचा रंग येतो. शेजारी रिकामे ग्लास, बर्फ आणि मापाचं भांडं. इथे एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ३५५ मिलिलिटर बिअर, १४८ मिलिलिटर वाइन किंवा ४४ मिलिलिटर व्हिस्की. हा तक्ता फळ्यावर लिहिला तर सगळे माना डोलावतात आणि विसरतात. म्हणून मी एकेकाला पुढे बोलावते आणि सांगते, घरी भरतोस तसा एक पेग भर. आपला इंजिनिअर आला. पोलिसांना त्याने दोनच घेतल्याचं सांगितलं होतं आणि ते खोटं नाही यावर तो अजून ठाम होता. त्याने बर्फ टाकला, सवयीने ग्लास किंचित तिरपा केला आणि ओतलं. मी बर्फ चमच्याने काढून ते मापाच्या भांड्यात घेतलं. तो खाली वाकला, बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट वाचावी तसा डोळा रेषेच्या पातळीत आणला आणि वाचलं: ८५. आधी म्हणाला, ग्लास रुंद आहे. मग म्हणाला, मॅडम, पुन्हा भरू? पुन्हा भरला, तर तो ९० च्या जवळ गेला. त्याचे दोन म्हणजे आमचे जवळजवळ चार. तो खोटं बोलत नव्हता; मोजतच नव्हता. आपल्याकडे छोटा पेग ३० चा आणि मोठा ६० चा असतो हे बारमध्ये खरं, पण घरच्या मैफलीत यजमान सैल हातानेच ओततो. मनगट आखडलं तर चिक्कू ठरायची पाळी.

यानंतर उतरण्याचा हिशेब. लिव्हर तासाला साधारण ०.०१५ टक्के एवढंच काम करतं. लिंबूपाणी द्या, काळी कॉफी द्या, गार पाण्याने आंघोळ घाला, त्याचा वेग वाढत नाही. रात्री एक वाजता ०.१६ असलेला माणूस सकाळी सात वाजता, सहा तास झोपून उठल्यावरही ०.०७ ला असतो. आणि इथे ०.०८ ला गुन्हा. हे गणित मी त्यांच्याकडूनच करून घेते, कारण गणित आपल्या मुलांना पटतं. लगेच कुणीतरी म्हणतो, भारतात एवढं कडक नसतं हो. मग मी फळ्यावर ०.०३ लिहिते. भारताच्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मर्यादा आपल्याकडचीच कडक आहे. वर्षानुवर्षं जंगली महाराज रस्त्यावरून गाडी हाणलेल्या माणसाला हे सॅन होजेत येऊन कळतं.

एक संध्याकाळ अशी असते की तेव्हा मी फक्त मागे उभी राहते. १९८० च्या मे महिन्यात याच राज्यात, फेअर ओक्स गावात, कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवली. तो माणूस आधीच्या अशाच गुन्ह्यात जामिनावर सुटून दोनच दिवस झाले होते. त्यातून मॅड ही आयांची संघटना उभी राहिली. तिच्या पॅनेलमध्ये आपलं माणूस गमावलेले लोक येतात, आणि कोर्टाने पाठवलेल्यांनी समोर बसून ऐकायचं असतं. कुणी कुणावर ओरडत नाही. एक बाई मुलाचे बूट घेऊन आल्या होत्या. बोलताना त्या सारख्या लेस नीट करत होत्या. त्या संध्याकाळी सगळे रडतात. पण माझं मत असं, की रडण्यावर फार विसंबू नये. रडून गेलेला माणूस वर्षाने पुन्हा माझ्यासमोर येऊन बसलेला मी पाहिला आहे, आता दीड वर्षाच्या वर्गाला. अशांनी कोर्टात एका कागदावर सही केलेली असते: यापुढे पिऊन चालवताना कुणाचा जीव गेला तर खुनाचा खटला होऊ शकतो, याची मला कल्पना दिली आहे. तरी ते पुन्हा आलेले असतात.

टिकतं ते काही नाट्यमय नसतं. शेवटच्या आठवड्यांत प्रत्येकाकडून मी एक पान लिहून घेते: पुढची पार्टी कधी, कुठे, जाणार कसा, येणार कसा, आणि गाडी घेऊनच का जावं लागतं. या शेवटच्या प्रश्नात सगळी मेख आहे. मराठी माणसाने लिहिलेलं एक उत्तर मला फार मोलाचं वाटतं: ‘रविवारी सकाळी मुलीची मराठी शाळा असते, गाडी दारात लागते.’ टॅक्सीचे पैसे नडत नव्हते. गाडी मित्राच्या दारात ठेवली तर सकाळी आणायची कोणी, यावर सगळं अडत होतं. दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे बायको चालवेल. तिला विचारलंयस का, असं मी विचारते. बऱ्याचदा तिच्याकडे लायसन नसतं, किंवा असतं पण रात्री फ्रीवेवर जायची भीती असते, आणि कधी तिनेही वाइन घेतलेली असते. हे प्रश्न पार्टीच्या दिवशी दुपारी चार वाजता सुटतात. रात्री साडेअकराला, निरोपाचे फोटो चालू असताना, सुटत नाहीत.

या वर्गांचा उपयोग होतो का? अमेरिकेत १९९५ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा असं दिसलं, की अशा कार्यक्रमांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सात ते नऊ टक्क्यांनी घटतं, आणि शिकवणी, समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा तिन्ही असतील तर परिणाम जास्त. आकडा लहान आहे. मला तो पुरेसा वाटतो, कारण रस्त्यावर समोरून येणारा तो सातातलाच एक असू शकतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, आणि बाल न्याय मंडळाने ती चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सगळा देश चिडला आणि निबंधाची टिंगल झाली. भावाने मला फोनवर विचारलं, तुझ्या वर्गात हेच चालतं ना? लिहून आम्हीही घेतो. पण आमचं पान शिक्षेच्या जागी येत नाही, शिक्षेसोबत येतं. आणि ते महिनोन्‌महिने बसून, बोलून, मोजून झाल्यावर येतं. त्या दोघांच्या आईबापांपुढे निबंध हा शब्द उच्चारणंच चूक होतं, हे माझंही मत आहे. मात्र त्या रागात समुपदेशनाची कल्पनाच हास्यास्पद ठरली, हे नुकसान झालं.

आपल्याकडे नाकाबंदी आहे, फुंकायचं यंत्र आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात माणूस पैसे भरतो, मित्रांना किस्सा सांगतो आणि पुढच्या शनिवारी नाकाबंदी नसलेल्या गल्लीतून घरी जातो. २०१९ च्या दुरुस्तीने लायसन निलंबित झालेल्याला वाहनचालकाचं उजळणी प्रशिक्षण सक्तीचं केलं, ती चांगली गोष्ट झाली. पण पिऊन चालवणाऱ्याला गिअर आणि सिग्नल शिकवून काय होणार? गाडी त्याला उत्तमच येते. त्या उजळणीतले काही तास मुक्तांगणसारख्या ठिकाणी काम केलेल्या माणसांच्या हाती द्यावेत. अभ्यासक्रम त्यांना कुणी परदेशातून आणून द्यायची गरज नाही. एक जग, थोडा कोरा चहा आणि मापाचं भांडं परिवहन खात्याने पुरवावं.