हरवलेलं पोर आणि पहिला संशय

दीपा अनप्परा यांची ‘जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन’ ही इंग्रजी कादंबरी मी दोन रात्रींत संपवली. इशानंतर हातात घेतली आणि पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत खाली ठेवता आली नाही. २०२० साली आलेली ही त्यांची पहिलीच कादंबरी. पुढच्याच वर्षी तिला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. अनप्परा पूर्वी पत्रकार होत्या, हे वाचताना सतत जाणवतं.

एका मोठ्या शहराच्या कडेला, मेट्रोच्या शेवटच्या टोकाला एक झोपडपट्टी आहे. तिथला नऊ वर्षांचा जय गोष्ट सांगतो. त्याच्या वर्गातला बहादूर गायब होतो. टीव्हीवरच्या पोलिसी मालिका पाहून जयला वाटतं, आपणही तपास करू. सोबतीला हुशार परी आणि शाळा सांभाळून कामं करणारा फैज. फैजला खात्री आहे की पोरं जिन्नांनी नेली. पोलीस येतात ते बहादूरच्या आईची सोन्याची साखळी घेऊन जातात. वर वस्तीवर बुलडोझर फिरवण्याची भीती घालतात. मग आणखी मुलं गायब होऊ लागतात.

रहस्य फोडत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. वस्तीत कुजबुज सुरू होते, की हे काम ‘त्यांचं’. फैजच्या मोठ्या भावाला, तारिकला, पोलीस उचलतात. बेपत्ता मुलांत मुसलमान भावंडंही आहेत, तरी कुजबुज थांबत नाही.

इथे मी पुस्तक मिटलं आणि लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून मी मनात एकच दुआ करत होतो: या अल्लाह, गुन्हेगार आपल्यातला निघू नये. पोरं सुखरूप सापडोत, ही दुआ त्यानंतर आली. पेपरातली गुन्ह्याची बातमीसुद्धा मी अशीच वाचतो. आधी आरोपीचं नाव, मग गेलेल्याचं. ही सवय कशी लागली, हे माझ्यासारख्या वाचकांना सांगायला नको. पण ती चांगली नाही, एवढं त्या रात्री कळलं.

पुढचं लिहावं की नाही, याचा चार दिवस विचार केला.

मी आठवीत असताना आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाचा सहा वर्षांचा मुलगा असरनंतर दिसेना. मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला: निळा शर्ट, पायात चप्पल नाही. अब्बा आणि चार माणसं चौकीवर गेली. तिथे सांगितलं गेलं, येईल घरी, सकाळपर्यंत वाट बघा. तेव्हा तसंच चालायचं. हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१३ मध्ये.

अंधार पडला. कुणीतरी म्हणालं, दुपारी गल्लीत बोहारीण फिरत होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हणालो, “मी बघितलं तिला. तिचं बोचकं लई जड होतं.” जड असणारच. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई ती, बोचक्यात भांडीच होती. हे मलाही ठाऊक होतं. पण मोठी माणसं पहिल्यांदाच माझं ऐकत होती.

ती एसटी स्टँडवर सापडली. माणसांनी तिला घेरलं, बोचकं उपसलं, भांडी रस्त्यावर घरंगळली. कुणीतरी तिच्या थोबाडीतही मारली. तेवढ्यात निरोप आला की पोरगं मिळालं. पिंजाऱ्याच्या दुकानात कापसाच्या ढिगावर झोपलं होतं. माणसं हसत, शुक्र अदा करत घरी परतली. तिची माफी मागायला कुणी थांबलं नाही. तिचं एक पातेलं कुणा पोराने उचलून आणलं होतं, ते अम्मीने त्याच्याकडून घेतलं. “आली की दे देंगे,” म्हणून फळीवर ठेवलं. ती आमच्या गल्लीत परत कधी आली नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मोबाइलवर अफवा फिरत होत्या. ती बातमी वाचताना मी नावांपाशी थांबलो नाही. मला एसटी स्टँड आठवला. आमच्याकडे मोबाइल नव्हता, पण अफवा होती आणि ती मी दिली होती.

फैजच्या घरावर आलेली वेळ आपल्याला पटकन समजते, कारण ती आपल्यावरही येऊ शकते. पण त्या वस्तीत बोट दाखवणारी माणसं राक्षस नव्हती. त्यांची पोरं हरवली होती, पोलीस ऐकत नव्हते आणि समोर एक सोपं नाव होतं. आमच्या मोहल्ल्यातही नेमकं हेच होतं. फक्त आमच्याहून दुबळं कुणीतरी शोधावं लागलं.

कादंबरी जरूर वाचा. पातेलं अजून आमच्याकडे आहे. अम्मी गेल्यानंतर घर बदललं, बरंच सामान वाटून टाकलं. ते मात्र कुणाला देता आलं नाही.