तलावपाळीवरचा धीवर

पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हटले की त्याला जंगल हवे, जीप हवी आणि लाखभराची लेन्स हवी, असा एक समज आहे. हा मोठ्या लोकांचा छंद, आपला नव्हे, असे आपणच आपल्या मुलांना सांगून मोकळे होतो. गेली दोन वर्षे आम्ही विहारातील अभ्यासिकेच्या पाच-सहा मुलामुलींना घेऊन रविवारी सकाळी ठाण्याच्या मासुंदा तलावावर जातो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. स्टेशन जवळ, रस्त्यावर रिक्षा आणि बसगाड्या, काठावर फिरायला आलेली माणसे. या वर्दळीतच आमची मुले धीवराचे फोटो काढतात.

धीवर म्हणजे आपला खंड्या. तपकिरी डोके, पांढरी छाती, झगझगीत निळी पाठ आणि जाड लाल चोच. याशिवाय चिमणीएवढा लहान धीवर असतो, आणि काळापांढरा कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबून पाण्यात सूर मारतो. खंड्याचे पोट मात्र केवळ माशांवर नाही. नाकतोडे, सरडे, बेडूक, खेकडे, जे मिळेल ते तो खातो. म्हणूनच तो शहरातही तग धरून आहे.

त्याचा फोटो काढण्याची युक्ती साधी आहे. धीवर ठरलेल्या फांदीवर किंवा तारेवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. जिथे खाली पांढरी विष्ठा साचलेली दिसेल, ती त्याची बैठक. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा त्या बैठकीवर कॅमेरा रोखून उभे राहावे. सूर्य आपल्या पाठीशी असावा. त्याच्या पिसांत निळा रंग मुळी नसतोच. पिसांच्या बारीक रचनेवर प्रकाश पडतो म्हणून ती निळी दिसतात. उजेड समोरून आला की तोच पक्षी काळपट दिसतो. उडताना टिपायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवून चालत नाही. आमच्याकडे वर्गणीतून घेतलेला एकच जुना कॅमेरा आहे. एकाच्या हाती कॅमेरा असला की बाकीचे वहीत नोंदी करतात: किती वाजले, कुठे बसला, काय पकडले, का उडाला.

या वहीचा उपयोग एका रविवारी वेगळ्याच कारणाने झाला. भली मोठी लेन्स घेऊन आलेले एक गृहस्थ मुलांवर खेकसले, "तुमच्यासारख्यांची ही जागा नाही. तुमच्या गोंगाटाने पक्षी उडतो. निघा इथून." मुले गप्प झाली. आठवीतल्या आमच्या एका मुलीने कॅमेरा पिशवीत घातला. असे 'तुमच्यासारख्यांची' हे शब्द आपल्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकले आहेत. आम्ही पुढे होणार, तोच तिने वही उघडली आणि म्हणाली, "काका, बसचे हॉर्न वाजले तेव्हा तो उडाला नाही. शेजारून माणसे गेली तेव्हाही नाही. कुणी बोट दाखवून सरळ त्याच्याकडे चालत गेले, तेव्हाच उडाला. प्रत्येक वेळची नोंद आहे." गृहस्थ काही बोलले नाहीत, पण मुले तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी मुलांना आम्ही महाडची हकीकत सांगितली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, पण कागदावरच. त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, मज्जाव होता तो आपल्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला असा मिळाला आहे. तलावाच्या काठावर उभे राहायला आपल्या मुलांना कुणाची परवानगी लागत नाही.

मात्र हक्क आला की जबाबदारीही येते, हेही मुलांना सांगावे लागते. धीवर मातीच्या उभ्या दरडीत बोगदा कोरून आत अंडी घालतो. अशा घरट्याजवळ कॅमेरा घेऊन घुटमळू नये. आईबाप पक्षी आत जायला भितात आणि पिले उपाशी राहतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून खडा मारू नये. पाण्यात प्लास्टिक टाकू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी आपले पहिले शील आहेच.

तेव्हा माता-भगिनींनो, बांधवांनो, सुटीच्या दिवशी मुलांना जवळच्या तलावावर, खाडीवर, निदान नाल्याच्या काठी घेऊन जा. कॅमेरा नसला तरी वही-पेन्सिल पुरते. अर्धा तास एका जागी उभे राहून एका जिवाकडे नीट पाहणे, ही सवय परीक्षेतही कामी येते आणि आयुष्यातही.

त्या मुलीने काढलेला एक फोटो अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे. फांदीवर खंड्या, चोचीत आडवा धरलेला मासा आणि मागे पुसटशी लाल बस. बस कापून टाक, फोटो छान दिसेल, असे काहींनी सुचवले. ती म्हणाली, "राहू दे. तो तिथेच राहतो ना."

जय भीम!